बोला त्या दिवशी थांबू

शिळफाट्याला झाकीरचं दुकान माहीत नाही असा माणूस खोपोलीत नवाच आलेला असणार. झेरॉक्स, लॅमिनेशन, बायंडिंग, आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली एक लांबडं टेबल. लोक मला अजून विचारतात, आबाजी, त्या सरळ माणसावर खटला कशाचा झाला होता हो? जमिनीचा? मी नाही म्हणतो. मग चेक वटला नाही का? अरे बाबांनो, खेळाचा झाला. त्यानं लिहिलेलं खेळाचं एक पुस्तक छापायचं की नाही, एवढ्याचा खटला. आणि तो हरण्यात माझा हात होता, म्हणून सांगायला मीच बसलोय. दुसरा कुणी सांगेल तर मला सांभाळून घेईल, आणि ते मला नको आहे.

मी चाळीस वर्षं खालापूरच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहिले. आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. वकिलांनी बोलायचं आणि मी लिहायचं. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे दावे इतके लिहिलेत की झोपेतही चतुःसीमा सांगीन. माझं गाव कुंभिवलीच्या आतल्या अंगाला. आमच्या शेताच्या पलीकडं झाकीरच्या वडलांचं भाताचं शेत होतं आणि त्यांना जायला वाट एकच, आमच्या बांधावरून.

आमच्याकडं याला एक रीत आहे. दुसऱ्याच्या बांधावरून वाट चालणारा दसऱ्याला त्याच्या दारात नारळ घेऊन येतो आणि म्हणतो, "वाट चालतो. बोला त्या दिवशी थांबू." बांधाचा मालक म्हणतो, "चाला." झालं. थांबा असं कुणी कधी म्हणत नाही, म्हटलं तर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नाही. झाकीरचे वडील दरसाल यायचे. त्यांचं बोट धरून झाकीर यायचा आणि नारळ आमच्या आईच्या हातात तोच द्यायचा.

पुढं तो शारजाला गेला. एका छापखान्यात नऊ वर्षं बायंडर होता. तिथं शुक्रवारी सुट्टी. त्याच्या खोलीत फिलिपिन्सचा एक कामगार होता, तो सुट्टीच्या दुपारी सगळ्यांना घेऊन खेळ मांडायचा. मला हा खेळ समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. पुढं दरड आहे, काय करता? असं तो विचारतो. कुणी म्हणतो चढतो, कुणी म्हणतो वळसा घालतो. जमलं की नाही ते फासे टाकून ठरतं, वीस बाजूंचे फासे. हारजीत काही नाही. गोष्ट पुढं जाते, एवढंच. बोलाचाच भात, बोलाचीच कढी, असं मी तेव्हा म्हणालो होतो आणि झाकीर हसला होता.

या खेळाचे नियम परदेशातल्या एका कंपनीचे. पण त्या नियमांच्या शेवटच्या पानावर कंपनीनं स्वतःच एक परवाना छापला होता. हे नियम कुणीही घ्यावेत, आपल्या भाषेत करावेत, त्यावर आपला खेळ रचावा, छापावा, विकावा. आमचं नाव तेवढं शेवटी द्या. हा परवाना कायमचा आहे. मोकळा परवाना म्हणायचे त्याला. जगभर हजारो लोकांनी त्या एका पानाच्या भरवशावर आपापले खेळ लिहिले.

वडील गेल्यावर झाकीर परत आला, दुकान टाकलं, मासूमाशी लग्न झालं. आणि हा माणूस दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाया गेलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूला लिहीत बसायला लागला. तीन वर्षं लिहीत होता. नियमांचं मराठी केलं आणि त्यावर स्वतःचा खेळ रचला. नाव ठेवलं 'घाटवाटा'. जुन्या काळी कोकणातून मीठ, सुकी मासळी घेऊन बैलांचे तांडे घाट चढून देशावर जायचे, त्यातली माणसं खेळणाऱ्यांनी व्हायचं. जो गोष्ट सांगतो तो वाटाड्या. पानापानावर मासूमानं मजकुराच्या कडेकडेनं नकाशे काढले. कुठल्या नाळेनं, म्हणजे अरुंद घळीनं चढायचं, पाण्याचं टाकं कुठं, कुठं बैल घसरतो. पोरीचा हात असा की नकाशा बघून पायाला ठेच लागेल असं वाटावं.

शेडमधल्या त्या टेबलाला गुरुवारी दुपारी माणसं जमायला लागली. कारखान्यांची सुट्टी असायची. त्यात कुंभिवलीच्या एका गोदामाचा वॉचमन होता, धाकलू नावाचा. डोंगरवाडीवरचा माणूस, चारचौघांत तोंड उघडायचा नाही. पहिले दोन महिने नुसता बघत उभा. एक दिवस मासूमाच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "इथं पानी नाय. खालच्या अंगाला हाय." ती दुसऱ्या दिवशी चढून बघून आली. धाकलूचं खरं निघालं. तिनं पान खोडून परत काढलं आणि खाली धाकलूचं नाव लिहिलं. तेव्हापासून तो टेबलावर बसायला लागला आणि असा बोलायला लागला की खेळातल्या त्याच्या तांड्याचा म्होरक्या दरीत पडून मेला तेव्हा या शहाण्यानं गोदामात एक दिवसाची रजा टाकली. कारण काय लिहिलं? घरात दुःखद घटना.

तर पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा झाकीर माझ्याकडं आला.

"आबाकाका, एक पत्र लिवून द्या. त्या कंपनीला."

"कशाला रं? परवाना हाय ना छापलेला?"

"हाय. पण दुसऱ्याच्या बांधावरून जायचं तर विचारून जावं ना."

आता बघा. इथं माझी अक्कल शेण खायला गेली होती. वाटेच्या दाव्यात समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारतो हे मला पाठ होतं. "नारळ देत होता ना?" हो म्हटलं की दावा बुडाला. कारण नारळ दिला म्हणजे परवानगीनं चालत होता, हक्कानं नव्हे, आणि परवानगी काढून घेता येते. नारळापायी हरलेली माणसं मी माझ्या डोळ्यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली पाहिली होती. तरी मी लिहिलं. मला वाटलं, इथं कुठं जमीन आहे? चांगल्या माणसाचं चांगलं पत्र आहे. कोर्टातल्या इंग्रजीत झोकात लिहिलं आणि शेवटी आपल्या रीतीचं वाक्य घातलं: आपल्या परवानगीनं आम्ही हे करतो आहोत, आपण नाही म्हणाल त्या दिवशी थांबू. झाकीरला इंग्रजी येत होतं. त्यानं वाचलं, खूश झाला, सही केली. रजिस्टर पोस्टानं पत्र आणि पुस्तकाची एक प्रत गेली.

दरसाल दसऱ्याला असं एक पत्र जायचं. नऊ पत्रं गेली. एकदाच उत्तर आलं, तिथल्या कुण्या बाईनं हातानं लिहिलेलं. तुमचं पुस्तक आम्हाला वाचता येत नाही पण नकाशे आम्ही भिंतीवर लावलेत, असंच चालू ठेवा. झाकीरनं ते पत्र लॅमिनेट केलं. दुकानात लावलं मात्र नाही, मिरवल्यासारखं होईल म्हणाला.

मग ती कंपनी विकली गेली. नवे मालक आले आणि त्यांनी जाहीर केलं की जुना मोकळा परवाना आम्ही मागं घेत आहोत. जगभर बोंबाबोंब झाली म्हणे, लोक भांडले, काही ठिकाणी कंपनी नमली, काही ठिकाणी नाही. आपल्याकडं मुंबईतल्या एका फर्मनं भारतातले हक्क विकत घेतले होते. त्यांना मराठीत स्वतःचं पुस्तक आणायचं होतं आणि वाटेत झाकीर उभा. नोटीस आली. छपाई बंद करा, विक्री बंद करा, सगळा माल आणि मूळ प्रत जमा करा. महिनाभरात अलिबागच्या जिल्हा न्यायालयात दावा.

आमच्या बाजूनं रिया उभी राहिली. कर्जतची पोरगी, वकिलीला पाच वर्षं झालेली, गुरुवारी टेबलावर खेळायला यायची. फी घेईना. तिनं मला समजावलं तसं तुम्हाला सांगतो. परवान्यात 'कायमचा' असं लिहिलं होतं, पण 'परत घेणार नाही' असं लिहिलं नव्हतं. समोरचे म्हणत होते, कायमचा म्हणजे मुदत ठरलेली नाही, आणि जिला मुदत नाही ती परवानगी कधीही काढता येते. रियाचं म्हणणं, खेळाच्या नियमांवर मालकी नसतेच, शब्दांवर असते. आणि परवानगीवर विसंबून एखाद्यानं पक्कं काम उभं केलं असेल तर ती मागं घेता येत नाही, जमिनीच्या कायद्यात तसं आहे. दहा वर्षांचं पुस्तक हे पक्कं काम नाही तर काय? शिवाय त्या बाईचं हाती लिहिलेलं पत्र होतं. चालू ठेवा म्हणाली होती ना कंपनी? मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, जिंकतोय आपण.

समोरच्या वकिलानं फाइल उघडली आणि माझी नऊ पत्रं काढली.

जपून ठेवली होती मेल्यांनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाकिटांसकट. प्रत्येकाच्या शेवटच्या ओळीखाली पिवळी रेघ. वकील सावकाश वाचत गेला, आपण नाही म्हणाल त्या दिवशी थांबू, आणि नवव्यांदा वाचून म्हणाला, "आम्ही आता नाही म्हणत आहोत." मी मागच्या बाकावर बसलो होतो.

त्या तारखेनंतर रियानं मला बाजूला घेतलं. एक मार्ग आहे म्हणाली. मी प्रतिज्ञापत्र द्यायचं की हे वाक्य माझं, अर्जनविसाचं, ठरीव वाक्य आहे, पत्राच्या शेवटी घालायची पद्धत म्हणून घातलं, त्यात झाकीरनं काही कबूल केलेलं नाही. मी म्हटलं, देतो. आत्ता देतो. आणि खोटं काय होतं त्यात? वाक्य माझंच होतं. मी त्याच संध्याकाळी टाइप करून तिच्या हवाली केलं.

पुढच्या तारखेला न्यायाधीश बाईंनी ते वाचलं. बाई भल्या होत्या. त्यांनी झाकीरला पुढं बोलावलं, पत्र दाखवलं आणि त्याला सरळ हात दिला.

"हे वाक्य दुसऱ्यानं लिहिलं असं यात म्हटलंय. तुम्ही फक्त सौजन्य म्हणून सही केली, असं आहे का?"

रिया त्याच्याकडं बघत होती. मासूमा माझ्या शेजारी होती, तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. हो म्हण रं बाबा, मी मनात म्हणत होतो. एक हो म्हण.

"नाय मॅडम," झाकीर म्हणाला. "लिवलं काकांनी. पण मी वाचून सही केली. मनापासून केली."

"म्हणजे ते नाही म्हणाले तर थांबायचं, हे तुम्हाला मान्य होतं?"

"व्हय. उगाच कशाला लिवू?"

संपलं. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि आदेश लिहायला घेतला. छपाई बंद, विक्री बंद. लोकांनी आधी विकत घेतलेल्या प्रतींना हात नाही. पण शिल्लक प्रती आणि हाती लिहिलेली मूळ प्रत, कुठंही ठेवायला दिलेली असो, पंधरा दिवसांत यादीसह कोर्टात जमा.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला धरला. माझा तोल गेला होता, मान्य करतो. गाढवा म्हणालो, हट्टी म्हणालो, बायकोची दहा वर्षांची मेहनत बुडवलीस म्हणालो. रियाही रडकुंडीला आली होती, अपील करू म्हणत होती. झाकीर खाली बघत ऐकत राहिला.

"आबाकाका," तो म्हणाला, "आमी एवढे दिवस आत काय बोलत व्हतो? का कंपनीनं शब्द दिलाय, आता मागं घेऊ नये. मग मी माझा कसा मागं घेऊ?"

"अरे पण त्यांनी घेतला ना मागं!"

"त्यांचं ते बघतील."

मी मासूमाकडं बघितलं. म्हटलं, ही तरी चार शब्द सुनावेल. ती म्हणाली, "चला काका, गाडी सुटेल." रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. रियानं नंतर एकदा सुचवलं, नियम स्वतःच्या शब्दांत नव्यानं लिहा, त्याला कुणी अडवणार नाही. लिहीन कधीतरी, असं तो म्हणाला. आज पन्नाशी उलटलीय त्याची. अजून एक ओळ लिहिलेली मी पाहिली नाही.

शिल्लक प्रती त्यानं स्वतः गोणीत भरून, शिवून तयार ठेवल्या. गुरुवारी धाकलू आला, गोण्या बघितल्या, काही न विचारता टेबलावरचे फासे गोळा करून डब्यात ठेवले आणि ड्युटीवर गेला.

राहिली मूळ प्रत. ती माझ्याकडं होती. दुकानाचा पत्रा गळायचा म्हणून झाकीरनंच ती फार पूर्वी माझ्या कपाटात ठेवायला दिली होती. वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर त्याचं अक्षर, त्याच पानांवर मजकुराला वेढून मासूमाचे नकाशे, खोडून सुधारलेलं धाकलूचं पाणी, सगळं त्यानं कापडी पाठ लावून शिवलेलं. नकाशे मासूमाचे, तिला ते ठेवायची मुभा आदेशात होती, पण मजकुरातून कापून काढायचे कसे? दोघांचं एकमेकांत गुंतलेलं होतं ते. अशी प्रत जगात एकच. ती कोर्टाच्या कुठल्यातरी खोलीत धूळ खात पडणार या विचारानं माझं डोकं फिरलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी झाकीर माझ्या घरी आला. यादीचं प्रतिज्ञापत्र टाइप करायचं होतं, आणि मूळ प्रत न्यायची होती.

मी म्हणालो, "नाय रं. गेली ती. घराला रंग दिला तेव्हा सामान हलवलं, त्यात कुठं गेली पत्ता नाय."

तोंडावर खोटं बोललो. कपाट त्याच्या पाठीमागं चार हातांवर होतं. त्यानं वळून बघितलं नाही. चहा घेतला. मग म्हणाला, "बरं. लिवा मग."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. शिल्लक प्रती इतक्या, कोरी कव्हरं इतकी. शेवटी म्हणाला, "आता लिवा, मूळ हस्तलिखित आबाजी यांजकडे ठेवण्यास दिले होते. ते गहाळ झाले असे आबाजी सांगतात."

माझी बोटं थांबली. काय पण वाक्य सांगितलं पठ्ठ्यानं. त्यात त्याचं खोटं एक अक्षर नव्हतं. जे खोटं होतं ते माझं, माझ्या नावानिशी, माझ्याच बोटांनी. चाळीस वर्षं मी लोकांच्या शपथा लिहिल्या. एकदाही स्वतःच्या नावानं खोटं लिहायची पाळी आली नव्हती. तरी टाइप केलं. कागद काढून त्याच्यापुढं ठेवला.

त्यानं वाचलं. पेन उघडलं. सही करायच्या जागी टोक टेकवलं आणि तसाच थांबला, बराच वेळ. माझ्याकडं बघेना, कपाटाकडं बघेना.

मला वाटलं, हा माझ्यासाठी थांबलाय. खरं बोलायची संधी देतोय मला. कोर्टात एवढा ताठ उभा राहिलेला माणूस माझ्या खोट्यावर सही कशी करील? मला माझीच शरम वाटली. एकदा माझ्या वाक्यानं त्याला बुडवलं होतं, आता दुसऱ्यांदा त्याच्या कागदावर डाग लावत होतो. मी उठलो, कपाट उघडलं, बाड काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं.

"माफ कर रं," म्हणालो. "हाय. माझ्याकडंच हाय."

झाकीरनं पेन बंद केलं. बाडाच्या कापडी पाठीवर हात ठेवला. नोटीस आली तेव्हा, तारखांना, आदेशाच्या दिवशी, गोण्या शिवताना, कधीही डोळ्यांत पाणी न आणलेला माणूस माझ्या टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, निदान या वेळी तरी आपण नीट वागलो.

मग तो उठला, तोंड पुसलं, बाड पिशवीत घातलं.

"आबाकाका," तो म्हणाला, "मी कपाटाकडं मुद्दाम बघितलं नाय. मला वाटलं व्हतं, तुमी नाय देणार."